घोड्यांसह मुक्काम करताना तंबू घ्यावा की कॅम्पर? सातारा परिसरातील तीन मुक्कामांचा अनुभव

घोडे बरोबर घेऊन एक-दोन रात्री घराबाहेर मुक्काम करायचा म्हटले की घोड्यांच्या सामानाची यादी फारशी चर्चा न होता तयार होते. मेखा, दोर, म्होरक्या, तोबरे म्हणजे तोंडाला अडकवायच्या खाण्याच्या पिशव्या, चंदीचे म्हणजे दाण्याचे पोते, कडबा, खरारा, बादल्या आणि औषधांची पेटी एवढे पिढ्यान् पिढ्या ठरलेलेच आहे. अडते ते माणसांच्या निजण्यापाशी. तंबू न्यावा की आत पलंग, पाणी आणि वीज असलेली कॅम्पर गाडी भाड्याने घ्यावी, या प्रश्नावर आमच्या घरात गेल्या दोन हिवाळ्यांत इतका खल झाला की शेवटी आम्ही दोन्ही प्रकार स्वतः वापरून पाहिले, आणि तिसरा एक प्रकार गरजेपोटी आपोआप घडला. ज्यांच्याकडे एक-दोन घोडी आहेत आणि ज्यांना सातारच्या परिसरात असा मुक्काम करायचा आहे, त्यांना पैसे खर्च करण्याआधी उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी एक खुलासा करते. आपल्याकडे कॅम्पर म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर पुढे दोन रांगांची आसने आणि मागे हौदा असलेली बोलेरो कॅम्पर उभी राहते, आणि लग्नघरात कॅम्पर म्हणजे थंड पाण्याचा जार असतो. मी येथे ज्या कॅम्परविषयी लिहीत आहे ती म्हणजे ट्रॅव्हलरसारख्या गाडीच्या सांगाड्यावर बांधलेले छोटे घर, ज्यात झोपण्याच्या फळ्या, ओटा, फ्रीज, शौचालय आणि पाण्याची टाकी असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून या गाड्यांविषयी आपल्याकडे कुतूहल वाढले आहे.

आमच्याकडे दोन जनावरे आहेत. तारा ही कुमैत रंगाची नऊ वर्षांची काठेवाडी घोडी, आणि बादल हा सब्जा रंगाचा, खच्ची केलेला बारा वर्षांचा भीमथडी घोडा. भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद अगदी अलीकडे झाली असली, तरी आपल्याकडचे धनगर मेंढ्यांच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या कळपाबरोबर, सगळा संसार पाठीवर लादून ही काटक घोडी कितीतरी पिढ्या फिरवत आहेत, आणि बादलही अशाच एका वाड्यातून आमच्याकडे आला. उघड्या माळावर रात्र कशी काढावी हे त्याला आमच्यापेक्षा अधिक चांगले कळते. तारा मात्र पागेत वाढलेली आहे आणि तिला नवी जागा, नवे पाणी, नवा आवाज यांतले काहीही लवकर मानवत नाही. माणसांत मी, माझे पती आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे माझे सासरे होतो. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांचे आयुष्य घोड्यांत गेले असले तरी गुडघे आता थकले आहेत, आणि कॅम्परचा विचार मुळात त्यांच्यासाठीच पुढे आला.

पहिला मुक्काम तंबूतला होता. डिसेंबरात परळीच्या बाजूला, सज्जनगडाच्या पायथ्याशी, उरमोडी धरणाच्या पाण्यापासून थोड्या अंतरावर ओळखीच्या शेतकऱ्याच्या भात निघालेल्या खाचरात आम्ही दोन रात्री राहिलो. तंबू चार माणसांचा, घुमटाच्या आकाराचा, दुहेरी कापडाचा, सुमारे साडेसहा किलो वजनाचा आणि ११,००० रुपयांना घेतलेला होता. चार माणसांचा तंबू म्हणजे प्रत्यक्षात दोन माणसे आणि त्यांचे सामान, किंवा दाटीवाटीने तीन माणसे, हे घेणाऱ्याने आधीच धरून चालावे. बाहेरच्या कापडावर २,००० मिलिमीटर जलरोधकतेचा शिक्का होता आणि हिवाळ्यातल्या दवाला तो पुरेसा ठरला. मात्र दोन्ही झडपा बंद करून झोपलो त्या पहिल्या रात्री आपल्याच श्वासाची वाफ आतल्या बाजूला धरली आणि पहाटे पांघरुणांवर थेंब पडू लागले. दुसऱ्या रात्री वरच्या झडपा उघड्या ठेवल्यावर तो त्रास राहिला नाही.

तंबूबरोबर आलेल्या तारेच्या खुंट्या आमच्या भागात जवळजवळ निरुपयोगी आहेत. वाळून दगडासारख्या झालेल्या खाचरात त्या दुसऱ्या घावाला वाकल्या. घोड्यांसाठी लोहाराकडून घडवून घेतलेल्या दीड फुटी मेखा जादा होत्या म्हणून आमचे निभावले. चाळकेवाडीच्या पठारावर किंवा जांभ्याच्या कोणत्याही सड्यावर तर त्या मेखाही शिरणार नाहीत. तेथे दोर मोठ्या दगडांना गुंडाळावे लागतात, आणि पवनचक्क्या उगाच तेथे उभ्या केलेल्या नाहीत, हे ध्यानात घेऊन असल्या उघड्या जागी तंबूचा विचार सोडून दिलेला बरा.

घोड्यांच्या दृष्टीने तंबूचा मोठा दोष म्हणजे त्याचे फडफडणे. वाऱ्याची झुळूक आली की कापड फुगते, मिटते, चटचट वाजते, आणि पागेतल्या घोड्याला हे सोंग काय आहे ते उमगत नाही. आम्ही निघण्याच्या तीन दिवस आधी तंबू घरच्या अंगणात उभा केला आणि दोघांनाही चंदीचे तोबरे त्याच्या शेजारीच चढवले. पहिल्या दिवशी तारा नाकपुड्या फुगवून दहा पावलांवर थांबली, दुसऱ्या दिवशी मान लांब करून तिने कापड हुंगले, आणि तिसऱ्या दिवशी तिला त्याचे काही वाटेनासे झाले. ही तीन दिवसांची मेहनत केल्याशिवाय घोड्यांजवळ तंबू ठोकू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तंबूचे ताणाचे दोर अंधारात दिसत नाहीत, म्हणून त्यांना पांढऱ्या धडप्यांच्या पट्ट्या बांधाव्यात, आणि घोडा सुटलाच तरी त्याचा पाय त्यांत अडकणार नाही इतके, निदान पंधरा-वीस पावलांचे अंतर राखावे.

खोगिरांचे काय करायचे हा प्रश्न तंबूत नीट सुटत नाही. आत घेतली तर जागा उरत नाही आणि घामाचा वास रात्रभर सोबतीला राहतो. बाहेर ठेवली तर दव पडते, आणि घामाने खारटलेल्या चामड्याला उंदीर लागतात. आम्ही खोगिरे आणि तंग ताडपत्रीत बांधून बांधावरच्या आंब्याच्या फांदीला टांगले.

त्या मुक्कामाची दुसरी रात्र मी विसरणार नाही. अडीचच्या सुमाराला आबांनी मला हाक मारली, “सूनबाई, तारा पाय आपटतीया. ऐक जरा.” मीही कान दिला. घोडा रात्रभर काही ना काही आवाज करतच असतो. कडबा चघळण्याचा एका लयीतला करकर आवाज, मधूनच नाकातून सोडलेला फुरफुराट, एका मागच्या पायावरचा भार दुसऱ्यावर घेतानाची हलकी टाप, हे सगळे चालू असले की समजावे सर्व ठीक आहे. हा आवाज वेगळा होता. पुढच्या एकाच खुराने जमीन उकरल्याचे ठोके होते, थोडे थांबून पुन्हा तेच, आणि मधल्या वेळात चघळण्याचा आवाज अजिबात नव्हता. बाहेर जाऊन विजेरी टाकली तर ती मान वळवून आपल्याच कुशीकडे पाहत होती, वरचा ओठ उचलत होती, आणि संध्याकाळपासून तिच्या मागे लीद पडलेली नव्हती. नाडी मिनिटाला ५६ लागली. शांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याची नाडी साधारण २८ ते ४४ असते. कुशीला कान लावला तर उजव्या बाजूला पोटाची नेहमीची गुरगुर जवळजवळ ऐकूच येत नव्हती. पोटशुळाची ही सुरुवात होती.

कारणही सापडले. तेथल्या विहिरीचे पाणी तिने दिवसभर नुसते हुंगून सोडले होते आणि वर कोरडा कडबा मात्र पोटभर खाल्ला होता. आम्ही पुढ्यातला कडबा काढून घेतला, सातारच्या आमच्या पशुवैद्यांना फोन लावला, आणि त्यांच्या सांगण्यावरून तिला लोळू न देता मंद चालीने थोडा थोडा वेळ फिरवले. तोंडाने तेल किंवा काढा ओतण्याचा मोह अशा वेळी अनेकांना होतो. असे ओतलेले श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून त्यांनी स्पष्ट मनाई केली. पावणेपाचच्या सुमाराला तिने थोडी लीद टाकली आणि आबांनी खांद्यावरच्या उपरण्याने डोळे पुसले. उजाडता उजाडता डॉक्टर स्वतः आले, त्यांनी तपासून वेदनाशामक इंजेक्शन दिले आणि दुपारपर्यंत तारा पाण्याला लागली. तेव्हापासून आम्ही घरीच आठवडाभर आधी तिच्या पाण्यात किंचित गूळ विरघळवून देतो आणि मुक्कामावरच्या पाण्यातही तेवढाच घालतो, म्हणजे पाणी परके लागत नाही.

दुसरा मुक्काम पुढच्या जानेवारीत कॅम्परचा. भाडे दिवसाला ९,००० रुपये, चालक धरून, आणि २०,००० रुपये अनामत. आम्ही कास तलावाच्या पुढे बामणोलीच्या दिशेला एका परिचितांच्या मालकीच्या रानात परवानगी घेऊन राहिलो. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात समाविष्ट असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, आणि तेथे घोडे नेण्याचा किंवा बिऱ्हाड मांडण्याचा विचारही कोणी करू नये. त्याच बाजूला कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, म्हणून मुक्कामाची जागा खासगी आणि वस्तीच्या जवळची असावी, हे दोन्ही कारणांनी आवश्यक आहे. घोडे टेम्पोतून पुढे गेले आणि कॅम्पर यवतेश्वरचा घाट चढून मागून आली. उंच, लांब आणि मागे जड अशा त्या गाडीला घाटातल्या वळणांवर दोनदा मागे-पुढे करावे लागले. रानात उतरल्यावर मागचे चाक मऊ मातीत रुतले आणि फळ्या घालून ते काढण्यात पाऊण तास गेला.

गाडीच्या आत मात्र समाधान होते. आबांना वाकून रांगत आत शिरावे लागले नाही, रात्री शौचासाठी रान तुडवावे लागले नाही, आणि सकाळी सहाला ओट्यावर चहा उकळत होता. घोड्यांची औषधे फ्रीजमध्ये राहिली, खोगिरे आतल्या बाकाखाली कोरडी राहिली, आणि बाहेरच्या दिव्याच्या उजेडात खूर उचलून खडी काढणे, पाय तपासणे ही कामे संध्याकाळी उशिरापर्यंत नीट करता आली. पाहुणे, लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर या सोयींचे मोल मोठे आहे, हे मी मनापासून मान्य करते.

पण कॅम्परच्या पाण्याविषयी ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्या माणसांच्या हिशोबाच्या असतात. आमच्या गाडीच्या टाकीत १०० लिटर पाणी मावत होते. एक घोडा थंडीच्या दिवसात, फारसे काम नसताना, दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर पाणी पितो आणि दमून आला तर त्याहून अधिक. म्हणजे दोन घोडे आणि तीन माणसे यांच्यासमोर ती टाकी एका दिवसाची धनी. शिवाय ती भरून मिळेल असे ठरले असताना अर्धीच भरलेली आली, हे आम्हाला रानात पोहोचल्यावर कळले. पाणी शेवटी घरून आणलेल्या पिंपांतूनच पुरवावे लागले.

भाड्याच्या सेवेविषयी आणखी दोन तक्रारी आहेत. बरोबर घोडे असतील हे नोंदणीच्या वेळी स्पष्ट सांगूनही चालकाला त्याची कल्पना दिलेली नव्हती. त्याने गाडी घोड्यांपासून दहा फुटांवर लावून सावलीचे कापडी छत एकदम झटक्यात उघडले, आणि तारा दोर ताणून मागच्या दोन पायांवर उभी राहिली. परतीनंतर गालिच्यात कडब्याचे तूस सापडले म्हणून अनामतीतून २,००० रुपये कापले गेले. घोडेवाल्याच्या कपड्यांना आणि बुटांना कडबा लागणारच. गाडी घेण्याआधी याबद्दल लेखी बोलून घ्यावे, आणि स्वच्छतेचा वेगळा आकार असेल तर तो आधी ठरवून द्यावा, हे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे.

खरा दोष दुसऱ्या रात्री कळला. थंडी फार होती, चालकाने काचा लावून आतला पंखा चालू ठेवला, आणि गाडीच्या भिंती गारठा जसा अडवतात तसाच आवाजही अडवतात. आम्ही तिघेही गाढ झोपलो. सकाळी साडेसहाला दार उघडून पाहिले तर बादल दावणीपासून तिरका उभा होता. त्याची मेख उपटली होती आणि दोराचा वेढा मागच्या उजव्या पायाला, खुराच्या वर जेथे पाय बारीक होतो तेथे, करकचून बसला होता. त्याच्याभोवतीची जमीन अर्धवर्तुळात नांगरल्यासारखी उकरली गेली होती, आणि तो आता धडपडायचा थांबून घामाने थिजून उभा होता. दोर कापून काढला तेव्हा कातडी गोल सोलून निघालेली होती. ती जखम भरायला पाच आठवडे लागले आणि तेवढा काळ त्याच्यावर खोगीर चढले नाही. मेख नीट ठोकली नव्हती आणि दोर गरजेपेक्षा लांब सोडला होता, ही चूक सर्वस्वी आमची. पण जी गोष्ट तंबूत पहिल्या दोन मिनिटांत कळली असती, ती आम्हाला कितीतरी तासांनी कळली, आणि ही मधली वेळ माझ्या मते तंबू आणि कॅम्पर यांच्यातला सर्वांत महत्त्वाचा फरक आहे.

परदेशातले घोडेवाले कॅम्परची शिफारस करतात तेव्हा त्यांच्या मनात वेगळे वाहन असते, हेही या निमित्ताने सांगायला हवे. अमेरिकेत पिकअपच्या मागे जोडण्याच्या अशा गाड्या मिळतात, की ज्यांत मागे घोड्यांचे कप्पे आणि पुढे माणसांची खोली असते. घोडा रात्री त्या कप्प्यात असो किंवा गाडीच्याच बाजूला बांधलेला असो, त्याने अंग घासले किंवा टाप मारली की ती भिंतीतून थेट उशीपाशी येते. आपल्याकडे घोड्यांचा टेम्पो वेगळा आणि माणसांची कॅम्पर वेगळी. त्यामुळे तिकडची शिफारस जशीच्या तशी उचलली, तर हाती येते ते फक्त घोड्यांपासूनचे अंतर.

घोडा उभ्या उभ्या झोपतो हे सर्वांना ठाऊक असते. पायांचे सांधे विशिष्ट रीतीने अडकवून तो स्नायूंना फार न ताणता उभा राहू शकतो. पण खरी गाढ झोप त्याला थोडा वेळ का होईना आडवे झाल्याशिवाय मिळत नाही, आणि जागा सुरक्षित वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. तंबूच्या मुक्कामात पहिल्याच रात्री तीनच्या पुढे बादल आडवा झाला होता. पाय दुमडून बसताना त्याच्या अंगाचा दबका आवाज आणि नंतरचा लांब सुस्कारा मी ऐकला होता. कॅम्परच्या मुक्कामात तो आडवा झाला की नाही, हे सांगायला आमच्यापैकी एकहीजण जागा नव्हता.

बांधण्याच्या पद्धतीविषयी थोडे, कारण निजण्याची जागा तिच्यावरही अवलंबून असते. जुनी अगाडी-पिछाडीची पद्धत, म्हणजे डोके पुढच्या आणि मागचे पाय मागच्या मेखेला बांधणे, घोड्याला सवय असेल तरच वापरावी, नाहीतर मागचा दोरच घात करतो. झाडे असतील तर दोन झाडांमध्ये घोड्याच्या डोक्याच्या वर, सुमारे सात फुटांवर, ताणून दोर बांधावा, सालीला इजा होऊ नये म्हणून बुंध्याला पोत्याचे तुकडे गुंडाळावेत, आणि म्होरकीचा दोर इतकाच ठेवावा की तोंड जमिनीवरच्या कडब्याला पोहोचेल पण पाय ओलांडता येणार नाही. बादलच्या जखमेनंतर आम्ही बॅटरीवर चालणारे झटका मशीन घेतले, जे आपल्याकडे शेतकरी रानडुकरांसाठी लावतात. तारेऐवजी रुंद पांढरी पट्टी दोन आणि चार फुटांवर अशी दुहेरी लावली की घोड्याला ती नीट दिसते. घरी आठवडाभर सवय केल्यावर दोघेही तिचा मान राखू लागले. कोरड्या मुरमात या मशीनची अर्थिंग नीट लागत नाही आणि झटका क्षीण होतो, म्हणून जमिनीत ठोकलेल्या सळईभोवती संध्याकाळी तांब्याभर पाणी ओतावे. हे कुंपण असले की घोडे मोकळे फिरतात, पाय आखडत नाहीत, आणि माणसाला थोड्या अंतरावर निजण्याची मुभा मिळते. तरीही कान तेथपर्यंत पोहोचलाच पाहिजे.

तिसरा मुक्काम माण तालुक्यातला. सातारा-पंढरपूर रस्त्यावर वर्धनगडापासून पुसेगावमार्गे महिमानगडाकडे आम्ही गेल्या फेब्रुवारीत निघालो. त्या कोरड्या, मोकळ्या, मुरमाड वाटा घोड्यांच्या पायांना फार मानवतात, आणि पश्चिमेकडच्या घाटांपेक्षा या भागात घोड्यावरून फिरणे कितीतरी सुखाचे आहे. महिमानगडाच्या पायथ्याशी संध्याकाळी तंबूची एक फायबरची काडी मधोमध फुटली आणि वारा सुटला. तेव्हा घोडे उतरवून मोकळा झालेला टेम्पोचा हौदा आम्ही झाडून, पाणी मारून, वाळवून घेतला, खाली कडबा आणि त्यावर ताडपत्री अंथरली, वरून दुसरी ताडपत्री बांधली आणि तेथेच झोपलो. मागचा फाळका उघडा, घोडे वीस फुटांवर. लिदीचा आणि मुताचा वास पूर्ण जात नाही, आणि दमेकऱ्याने हा प्रयोग करू नये. पण जमिनीचा गारवा लागत नाही, विंचवाकाट्याची भीती राहत नाही, आबांना लाकडी पायरी लावून सहज चढता आले, आणि घोड्यांच्या प्रत्येक हालचालीचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. आषाढीच्या वाटेवर लोणंद-फलटणच्या बाजूला दिंड्यांचे ट्रक आणि शेजारी उभ्या राहुट्या आपण दरवर्षी पाहतो. सामान गाडीत आणि माणूस जमिनीवर, अशी ती सांगड आहे. आमची सांगड थोडी उलटी झाली, पण उपयोगी पडली.

खर्चाचे म्हणाल तर तंबू, जाड सतरंज्या, मेखा आणि दोर मिळून आमचे सुमारे १६,००० रुपये एकदाच गेले. कॅम्परला दोन दिवसांचे भाडे, डिझेल आणि कापलेली अनामत धरून २४,००० रुपये लागले, आणि त्यात घोड्यांच्या टेम्पोचे भाडे धरलेले नाही. टेम्पो दोन्ही वेळा लागतोच, आणि घोडे गाडीतून नेताना ते प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यांचा दाखला जवळ ठेवावा लागतो, हेही विसरू नये.

वर्षातून दोन-तीनदा, हिवाळ्यात, दोन रात्रींपर्यंत मुक्काम करणाऱ्यांनी तंबूच घ्यावा. तो साडेचार-पाच फूट उंचीचा, दोन दारांचा असावा, म्हणजे घोड्यांकडची बाजू जाळी लावून उघडी ठेवता येते, आणि काड्या ॲल्युमिनियमच्या असाव्यात. मुक्काम चार-पाच दिवसांचा असेल, घरातली वयस्कर माणसे बरोबर असतील किंवा अवकाळी पावसाचा संभव असेल तर कॅम्पर घेण्यास हरकत नाही. मात्र गाडीचे दार आणि खिडकी घोड्यांच्या बाजूला येईल अशी ती लावावी, छत घोडे येण्याआधी उघडून ठेवावे, आतला पंखा आणि जनित्र रात्री बंद ठेवावे, आणि एक तरी जाणते माणूस पाळीपाळीने बाहेर घोड्यांजवळ निजेल असे ठरवून घ्यावे. तसे कोणी निजणार नसेल तर कॅम्परवरचे पैसे घोड्यांच्या पागेवर खर्च करून मुक्कामाचा बेत पुढे ढकलावा, असे मला वाटते.

या हिवाळ्यासाठी आम्ही तोच तंबू ठेवला आहे. फुटलेल्या काडीच्या जागी ॲल्युमिनियमच्या काड्या बसवून घेतल्या आहेत, आणि टेम्पोच्या हौद्यात आबांसाठी घडीची लोखंडी खाट बसेल अशा दोन कड्या लोहाराकडून लावून घेतल्या आहेत. खाटेचे उशाचे टोक मागच्या फाळक्याकडे ठेवायचे, हे आबांनी स्वतः सांगितले.